मातींत विरणारें प्लॅस्टिक आणि आमच्या बांध्या

धानाची मळणी आटोपून मिरची, टोमॅटो व वांग्याच्या वाफ्यांची तयारी सुरू झाली, कीं मल्चिंग पेपर विकणारे आमच्या गोंदिया जिल्ह्यांत फिरूं लागतात. पूर्वीं ते एकाच प्रकारचा काळा पेपर आणीत. हल्लीं त्यांच्याजवळ आणखी एक गुंडाळी असते, व ती किमतीनें बरीच भारी असते. "हा पेपर उचलावा लागत नाहीं. पीक निघालें कीं सरळ नांगर घाला, पेपर मातींत विरून जातो," असें तिच्याविषयीं सांगण्यांत येतें. कांहीं सभासदांनीं या नव्या पेपराविषयीं आमचें मत विचारलें आहे. मत देण्यापूर्वीं आम्हीं या विषयाची शक्य तितकी माहिती करून घेतली, आणि ती घेतांना आमच्या ध्यानांत आलें कीं आपण सर्वजण विक्रेत्यास अर्धाच प्रश्न विचारीत आहों. "हा कशाचा केला आहे?" असें आपण विचारतों. "मक्याचा," "उंसाच्या साखरेचा," असें उत्तर मिळतें आणि आपलें समाधान होतें. तो कारखान्यांत कसा ओढला, कोणत्या वेगानें ओढला व कसा थंड केला, हें कोणीच विचारीत नाहीं. आणि तो आमच्या बांधींत विरेल कीं चिंध्या होऊन राहील, याचा मोठा भाग तेथेंच ठरलेला असतो.

साध्या पॉलिथीनच्या पेपरानें पाणी वाचतें, तण दबतें व फळ मातीस लागत नाहीं, याबद्दल आमचें दुमत नाहीं. पण पेपर पातळ असला कीं उन्हानें त्याचे तुकडे पडतात, आणि ते वेंचावयास मजूर मिळत नाहीं. आम्हीं स्वतः एका बांधींत लागोपाठ तीन हंगाम हा पेपर घातला. चौथ्या वर्षीं चिखलणीच्या वेळीं रोटाव्हेटरच्या पात्यांस काळ्या चिंध्या गुंडाळून वर येऊं लागल्या, आणि रोवणीस आलेल्या बायांनीं आम्हांस जें सुनावलें तें येथें छापण्याजोगें नाहीं. तेव्हां मातींत खरोखर विरणारा पेपर निघाला, तर त्याचें स्वागत करणारांत आम्ही पहिले असूं. प्रश्न फक्त 'खरोखर' या शब्दाचा आहे.

हा विषय धान पिकविणारास समजावयास प्रयोगशाळा लागत नाहीं. रात्रीचा उरलेला भात पुरे आहे. ताजा भात मऊ असतो, सकाळीं तोच टणक होतो, आणि वाफ दिली कीं पुन्हां मऊ पडतो. असें कां होतें? तांदुळांत पिष्ट म्हणजे स्टार्च असतें, व तें साखरेच्या कणांच्या लांबच लांब साखळ्यांचें बनलेलें असतें. शिजतांना पाणी व उष्णता यांनीं या साखळ्या सुट्या होतात. भात निवतांना त्या पुन्हां एकमेकींशेजारीं येऊन कांहीं ठिकाणीं शिस्तीनें रचल्या जातात. या शिस्तबद्ध रचनेलाच स्फटिक म्हणतात. खडीसाखरेंत सर्वच रेणू असे रचलेले असतात. लांब साखळ्यांच्या पदार्थांत मात्र कांहीं भाग रचलेला व कांहीं भाग गुंतवळासारखा सैल राहतो. आमच्या गिरण्यांतून निघणारा उसना तांदूळ अरव्यापेक्षां टणक असतो व कमी मोडतो, त्याच्याही मुळाशीं पिष्ट एकदां सुटून पुन्हां घट्ट बसणें हेंच आहे.

प्लॅस्टिक, मग तें कुजणारें असो वा न कुजणारें, अशाच लांब साखळ्यांचें असतें. तें वितळवून स्वस्थ निवूं दिलें तर साखळ्या आपल्या सवडीनें रचल्या जातात. पण कारखान्यांत कोणतीही वस्तु स्वस्थ निवत नाहीं. वितळ मळसूत्री दांड्यानें पुढें रेटला जातो, अरुंद फटींतून दाबून काढला जातो व रुळांवर ओढला जातो. साठलेल्या पाण्यांत दोर टाकला तर त्याचा गुंता होतो; तोच दोर वाहत्या नाल्यांत एका टोंकानें धरला तर सरळ ताणला जातो. वितळलेल्या साखळ्यांचेंही तसेंच आहे. प्रवाहानें त्या ताणल्या जातात, एका दिशेस लागतात, आणि एका दिशेस लागलेल्या साखळ्यांस स्फटिकाच्या रचनेंत बसावयास फार वेळ लागत नाहीं. परिणाम असा होतो कीं स्फटिक लवकर धरतात, संख्येनें अधिक धरतात, व त्यांचा आकारही बदलतो.

गुळाच्या काहिलीजवळ बसलेल्या मनुष्यास हें अगदींच नवें वाटणार नाहीं. पाक केव्हां व किती घोटला, यावर गूळ कणीदार होईल कीं चिवट राहील हें ठरतें. मात्र साखरेचा रेणू लहान असतो. तो ढवळला जातो, ताणला जात नाहीं. लांब साखळीची गंमत ताणण्यांत आहे. १९६५ सालीं पेनिंग्स या डच शास्त्रज्ञानें पॉलिथीनचें द्रावण ढवळत ठेवून त्यांत स्फटिक धरविले, तेव्हां त्यास एक चमत्कारिक आकार आढळला: मध्यें ताणलेल्या साखळ्यांची लांब काडी, आणि तिच्यावर सळईंत ओवल्याप्रमाणें लहान लहान चकत्या. शास्त्रज्ञ मंडळींनीं त्यास शीग-कबाब असेंच नांव दिलें आहे. आमच्या शाकाहारी वाचकांनीं चुड्यांत ओवलेल्या बांगड्यांची कल्पना करावी.

या प्रवाहाच्या शास्त्राचें एक मोठें केंद्र आमच्याच राज्यांत, पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेंत आहे. पुढें तिचे संचालक झालेले डॉ. रघुनाथ माशेलकर यांचें मूळ संशोधन याच विषयांतलें: दाट, चिवट द्रव कसे वाहतात व त्यांच्या वाहण्यानें त्यांचे गुण कसे बदलतात. म्हणजे ज्ञान दूर देशींचें आहे व तें आपणांस मिळणार नाहीं, ही सबब चालणार नाहीं.

याहून जवळचा गुरु आमच्या जंगलांत आहे. ऐनाच्या व अर्जुनाच्या झाडांवरील कोशाची अळी आमच्या भागांत कोणास ठाऊक नाहीं? तिच्या पोटांत रेशीम दाट द्रवाच्या रूपांत असतें. तो द्रव निमुळत्या नळींतून पुढें येतो, अळी डोकें हलवून त्यास ओढते, आणि त्या ओढीनें साखळ्या एका दिशेस लागून त्यांचे बारीक स्फटिक धरतात. भट्टी नाहीं, वाफ नाहीं. केवळ प्रवाहानें द्रवाचा धागा होतो, व तो धागा पाण्यांत विरघळत नाहीं. शाओ व व्होलराट या दोघां शास्त्रज्ञांनीं २००२ सालीं तुतीच्या रेशमी किड्यांवर प्रयोग करून दाखविलें, कीं किड्याकडून धागा जलद ओढून घेतला तर तो अधिक बळकट पण कमी ताणला जाणारा निघतो, आणि हळू ओढला तर अधिक ताणला जाणारा पण कमी बळाचा. किडा तोच व द्रवही तोच असून केवळ ओढीच्या वेगानें माल निराळा झाला. आमचें सर्व म्हणणें या एका प्रयोगांत आलें आहे.

आतां मल्चिंग पेपर कसा करतात तें पाहूं. वितळलेलें प्लॅस्टिक गोल फटींतून वर काढतात, आंत हवा भरून त्याचा फुगा करतात, आणि वरच्या रुळांनीं तो ओढून चपटा करून गुंडाळतात. फुग्याच्या अंगावर एका उंचीस स्वच्छ वितळ धुरकट होऊं लागतो. तेथें स्फटिक धरत असतात. त्या रेषेच्या खालीं जें कांहीं ताणणें व फुगविणें झालें असेल, तें त्या रेषेवर कायम होतें. कारखानदारानें उत्पादन वाढविण्यासाठीं रूळ जोरानें फिरविले व फुगा त्या मानानें कमी फुगविला, तर साखळ्या लांबीच्या दिशेनें लागतात. असा पेपर लांबीनें ओढून पाहिला तर बळकट वाटतो, पण रोपासाठीं भोंक पाडतांच तेथून लांबीच्या दिशेनें सरळ चिरत जातो. पुष्कळ सभासदांनीं "पेपर वाऱ्यानें फाटला" अशी तक्रार केली आहे. वाऱ्याचा दोष आहेच, पण चिरेची वाट कारखान्यांत पडलेली असते.

कुजणाऱ्या प्लॅस्टिकांत हा प्रश्न अधिक नाजूक होतो, कारण त्यांच्यापैकीं कित्येकांचे स्वभाव हट्टी आहेत. उसाच्या किंवा मक्याच्या साखरेपासून आंबवून काढलेल्या आम्लाचें जें पीएलए नांवाचें प्लॅस्टिक होतें, तें स्वस्थ ठेवल्यास फार सावकाश स्फटिक धरतें. झटकन् थंड केलें तर बहुतेक सगळें सैलच राहतें, आणि सैल राहिलेलें पीएलए साठ अंशांच्या आसपास मऊ पडतें. अशा पेल्यांत गरम चहा ओतला तर पेला बसतो. योग्य ताण देऊन व योग्य उष्णतेंत ठेवून त्याचे स्फटिक धरविले, कीं तोच पदार्थ गरम चहा सोसतो. दुसरें प्लॅस्टिक पीएचबी. पॅरिसच्या पाश्चर संस्थेंत ल्मॉइन् या शास्त्रज्ञानें १९२६ च्या सुमारास तें एका जंतूच्या शरीरांत ओळखलें. जंतु तें आपल्या पोटांत चरबीप्रमाणें सांठवितो. हें प्लॅस्टिक भराभर व पुष्कळ स्फटिक धरतें, आणि वस्तु तयार झाल्यावरही गोदामांत पडल्या पडल्या आंतून स्फटिक धरीत राहतें. त्यामुळें आज लवचिक असलेली पट्टी कांहीं आठवड्यांनीं कडकडीत होते. मल्चिंग पेपरांत बहुधा पीबीएटी नांवाचें मऊ प्लॅस्टिक घेऊन त्यांत पिष्ट किंवा पीएलए मिसळतात. हें पीबीएटी बहुतांशीं खनिज तेलापासूनच काढतात, तरीही तें कुजतें. म्हणजे 'मक्याचा पेपर' या शब्दांत विक्रेत्याचाही थोडा मका असतो.

आतां हें सर्व बांधींत काय करतें? पाणी व सूक्ष्म जीवांचे पाचक रस सैल भागांत आधीं शिरतात. रचलेला भाग, म्हणजे स्फटिक, सर्वांत शेवटीं झिजतो. म्हणून एकाच मालाचे दोन पेपर असले व एकांत स्फटिक अधिक धरले असले, तर तो साधारणपणें सावकाश विरतो. सैल भाग खाल्ला गेल्यावर पेपर ठिसूळ होऊन तुकडे पडतात, ते डोळ्यांस दिसेनासे होतात, व आपण समजतों कीं काम झालें. वास्तविक त्या वेळीं अर्धेंच काम झालेलें असूं शकतें. येथें अतिशयोक्ति मात्र करूं नये. पदार्थ कोणता, हा प्रश्न पहिला आहेच; नुसतें पीएलए शेताच्या साध्या उष्णतेंत कसेंही ओढलें तरी वर्षानुवर्षें राहूं शकतें. पण पदार्थ योग्य निवडल्यावर पुढचा निकाल ओढण्यावर व थंड करण्यावर आहे, आणि तेवढाच भाग विक्रेत्याच्या पत्रकांत नसतो.

आमच्या जिल्ह्यापुरत्या दोन गोष्टी आणखी आहेत. मे महिन्यांत येथें पारा पंचेचाळीस अंशांच्या आसपास जातो, व उन्हांतला काळा पेपर त्याहूनही पुष्कळ तापतो. कारखान्यांत जी ओढ आंत कोंडून राहिलेली असते, ती अशा उष्णतेंत सुटूं पाहते. पेपर आकसतो, कडांवरची माती सोडतो व वाफ्यावरून उचलला जातो. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. भाजीपाल्याच्या मागून त्याच बांधींत खरिपाचें धान येतें. नांगरानें गाडलेला पेपर मग महिनोन्‌महिने पाण्याखालीं, हवा नसलेल्या चिखलांत राहतो. हवेंत जगणारे सूक्ष्म जीव जें काम ओलसर मोकळ्या मातींत करतात, तें या चिखलांत तसेंच होईल असें गृहीत धरतां येत नाहीं.

आणि शिक्के कशाचे असतात तेंही पाहावें. महाराष्ट्र शासनानें मार्च २०१८ मध्यें प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर व इतर कांहीं वस्तूंवर बंदी घातली; १ जुलै २०२२ पासून देशभर एकदां वापरून फेंकण्याच्या कांहीं वस्तु बंद झाल्या. कंपोस्ट होणाऱ्या प्लॅस्टिकासाठीं आपल्याकडे आयएस/आयएसओ १७०८८ हें मानक लावतात, व केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा दाखला लागतो. पण त्या मानकाची कसोटी कारखानी कंपोस्टच्या ढिगांतील आहे. तेथें उष्णता अठ्ठावन्न अंशांच्या आसपास राखतात व १८० दिवसांच्या आंत ९० टक्के विघटन मागतात. आमच्या बांधींतील माती कांहीं कंपोस्टचा तापलेला ढीग नव्हे. युरोपांत २०१८ सालीं खास मल्चिंग पेपरासाठीं ईएन १७०३३ हें निराळें मानक केलें; त्यांत साध्या उष्णतेच्या मातींत दोन वर्षांच्या आंत ९० टक्के विघटन अपेक्षित आहे. आमच्या प्लॅस्टिक कचरा नियमांच्या २०२४ च्या दुरुस्तींतही, कुजणारें प्लॅस्टिक कोणत्या विशिष्ट वातावरणांत कुजतें याचा विचार आला आहे व मागें सूक्ष्म कण राहूं नयेत असें म्हटलें आहे. तेव्हां जो विक्रेता कंपोस्टचा दाखला दाखवून शेतांत विरण्याची हमी देतो, तो खोटें बोलत नसेल, पण निराळ्याच प्रश्नाचें उत्तर देत आहे.

या विषयाची दुसरी बाजू आमच्या गिरण्यांशीं संबंध ठेवते. कनकीपासून प्लॅस्टिक होईल व कनकीस सोन्याचा भाव येईल, अशी चर्चा गोंदियाच्या बाजारांत अधूनमधून ऐकूं येते. तांदुळांत तीन चतुर्थांशांहून अधिक पिष्ट असतें, हें खरें. पिष्टांत ग्लिसरीनसारखा पदार्थ मिसळून उष्णतेनें व दाबानें त्याचें प्लॅस्टिक करतां येतें, हेंही खरें. पण तें शिळ्या भाताचा गुण सोडीत नाहीं. सांठवणींत हळूहळू स्फटिक धरून कडक होतें. मळसूत्रांतून रेटतांनाही त्यांत निराळ्या जातीचे स्फटिक धरतात, व किती धरतील हें रेटण्याच्या जोरावर आणि उष्णतेवर अवलंबून असतें. म्हणजे कनकी हा या धंद्यांतला सोपा भाग आहे. कठीण भाग यंत्रांत आहे. पुणें जिल्ह्यांत जेजुरी येथें प्राज इंडस्ट्रीज या कंपनीनें २०२४ सालीं अशा जैविक प्लॅस्टिकांचा प्रात्यक्षिक कारखाना उघडला, आणि त्याच सालीं उत्तर प्रदेशांतील बलरामपूर चिनी मिल्स या साखर कंपनीनें कुंभी येथें पीएलएचा मोठा कारखाना काढण्याचें जाहीर केलें. दोन्ही ठिकाणीं पैसा व विद्या यंत्राच्या बाजूस आहे. आम्ही नुसती कनकी पुरविणारे राहिलों, तर आज मद्यार्काच्या कारखान्यास पुरवितों तशीच उद्यां प्लॅस्टिकच्या कारखान्यास पुरवूं, आणि भाव घेणारा दुसराच ठरवील. जिल्ह्यांतील गिरणीवाल्यांनीं व संघांनीं या उद्योगाकडे पाहावयाचें असेल, तर पहिला खर्च इमारतीवर न करितां, चार होतकरू तरुणांस प्लॅस्टिकच्या प्रवाहाचें व स्फटिकांचें शास्त्र शिकवून आणण्यावर करावा, असें आमचें स्पष्ट मत आहे. नागपुरास १९४२ पासून लक्ष्मीनारायण तंत्रशास्त्र संस्था आहे. शंभर-सव्वाशे मैलांच्या आंत याहून चांगली सोय कोठें मिळणार?

पेपर घेऊं इच्छिणारांस आमची सूचना अशी, कीं संघानें एकत्र मागणी नोंदवावी आणि मागणीबरोबर लेखी माहिती मागावी: पेपरांत कोणतें प्लॅस्टिक किती आहे, जाडी किती, गुंडाळी कोणत्या तारखेस काढली, लांबीनें व रुंदीनें निरनिराळें बळ किती, आणि विरण्याची कसोटी मातींत घेतली कीं कंपोस्टांत. स्फटिकांचें प्रमाण मोजण्याचें यंत्र असतें. त्यास तिळाएवढा तुकडा पुरतो. एका शेतकऱ्यास तें परवडणार नाहीं, संघास सहज परवडेल. गुंडाळी फार जुनी असेल तर घेऊं नये. घरच्या घरीं करण्यासारखी परीक्षाही आहे. वीतभर तुकडा घेऊन लांबीनें व रुंदीनें फाडून पाहावा. एका दिशेस कागदासारखा सरळ फाटला व दुसऱ्या दिशेस हटला, तर तो एकाच बाजूनें ओढलेला आहे. दुसरा तुकडा चहाइतक्या गरम पाण्यांत टाकावा; एकाच दिशेनें आखडला, तर मे महिन्यांत वाफ्यावरही तो तसेंच करील.

कांहीं जाणते सभासद म्हणतील कीं इतकी खटपट करण्यापेक्षां साधाच पण जाड पेपर घ्यावा व हंगाम संपतांच उचलावा. ज्यांचे दोन-चार एकर भाजीपाल्याचे आहेत व ज्यांच्या घरीं माणसें आहेत, त्यांनीं खुशाल तसें करावें. त्यांच्याविरुद्ध आम्हांस कांहीं म्हणावयाचें नाहीं. आणि ज्यांचे पांच-दहा वाफेच आहेत, त्यांच्या खळ्यावर धानाची तणस पडलेली आहे. तिनें तण पेपराइतकें दबत नाहीं आणि उधईचें भय असतें, हें कबूल. पण ती कशी ओढली हें कोणास विचारावें लागत नाहीं.

विरणाऱ्या पेपराची खरी परीक्षा आमच्याच मातींत व्हावयास पाहिजे. त्यासाठीं दोन-तीन प्रकारच्या पेपरांचे मोजून कापलेले तुकडे जाळीच्या पिशव्यांत घालून तीन ठिकाणीं पुरावे: धुऱ्याच्या कोरड्या मातींत, भाजीपाल्याच्या वाफ्यांत, व खरिपांत पाण्याखालीं जाणाऱ्या बांधींत. दर दोन महिन्यांनीं एक पिशवी काढून, धुवून, वाळवून तुकड्यांचें वजन करावें व उरलेला तुकडा जपून ठेवावा. साकोलीच्या कृषी संशोधन केंद्रांतील व जिल्ह्याच्या कृषी विज्ञान केंद्रांतील मंडळींस हें काम दाखवून त्यांचें मार्गदर्शन घेण्याचा आमचा विचार आहे. पिशव्या उन्हाळी नांगरणीच्या वेळीं पुराव्या लागतील, म्हणजे रोवणीपूर्वीं त्यांवर माती बसेल. ज्या सभासदांची बांधी तलावाच्या पाण्याखालीं आहे व जे वर्षभर ती जागा खुणेनें राखूं शकतील, त्यांनीं होळीपूर्वीं संघाच्या कचेरींत आपलें नांव, गांव व बांधीचा गट क्रमांक कळवावा.